आकाशगंगेचा ताबा लवकरच

जी वस्तू अद्याप अस्तित्वातच आलेली नाही, तिच्यातून एखादा भाग वगळला गेल्याचे दुःख मनुष्याला कसे होऊ शकते, हा प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा वाटतो. प्रत्यक्षात तो ग्राहकसेवेचा आहे. लोकवर्गणीतून तयार होणाऱ्या व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात या दुःखाचे इतके नमुने जमा झालेले आहेत की त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणे आता शक्य आहे, आणि अभ्यास करताना चेहरा गंभीर ठेवणे जड जाते एवढी एक अडचण सोडली तर साधनसामग्रीची उणीव कोठेच भासत नाही.

लोकवर्गणी, म्हणजे इंटरनेटवर ‘क्राउडफंडिंग’ या नावाने रूढ झालेली रीत, ही तत्त्वतः साधी आहे. अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर निर्माता आपली कल्पना, लागणारी रक्कम आणि मुदत जाहीर करतो. मुदतीत पूर्ण रक्कम जमली तर ती त्याला मिळते, एक डॉलर जरी कमी पडला तरी काहीच मिळत नाही, आणि यशस्वी मोहिमेच्या रकमेतून संकेतस्थळ आपले पाच टक्के कापून घेते. वर्गणीदाराला या व्यवहारात भागभांडवल मिळत नाही, व्याज मिळत नाही, नफ्यातला वाटा तर नाहीच नाही; मिळते ते आश्वासन, आणि ते फळाला आलेच तर गेमची एक प्रत, एखादा टी-शर्ट व श्रेयनामावलीत काही हजार नावांच्या मध्ये कोठेतरी स्वतःचे नाव. ही रीत इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘द वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून वर्गणी मागितली, तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखाहून अधिक डॉलर दिले आणि मोबदल्यात वृत्तपत्रात आपले नाव छापून आलेले पाहिले. रक्कम ठरल्यापेक्षा जास्त जमल्यास देवीच्या दुसऱ्या हातातही मशाल देऊ, असे पुलित्झर यांनी जाहीर केले नाही, आणि चौथरा वेळेत पुरा झाला यामागे हेही एक कारण असावे.

व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांना हा संयम जमला नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल फाइन या स्टुडिओचे टिम शेफर यांनी, पडद्यावरील वस्तूंवर टिचक्या मारत कथा पुढे नेण्याच्या जुन्या प्रकारातील एका साहसकथेसाठी चार लाख डॉलर मागितले. या प्रकाराला मोठ्या प्रकाशकांनी केव्हाच वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. लोकांनी मात्र मागितलेली रक्कम पहिल्याच दिवशी दिली, आणि मोहीम संपली तेव्हा ८७,१४२ वर्गणीदारांचे ३३ लाखांहून अधिक डॉलर जमलेले होते. गेम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये द्यावयाचा होता. शाळेतल्या अंकगणितानुसार आठपट पैसा मिळाला की काम लवकर आटोपावे. परंतु आठपट पैसा मिळालेला कलावंत गेमही तितक्याच पटीने मोठा कल्पितो, आणि तो पुरा करण्यास सोळापट पैसा लागतो हे त्याला कल्पना करून झाल्यानंतर कळते. जुलै २०१३ मध्ये शेफर यांनी वर्गणीदारांना कळवले की आहे त्या योजनेने काम चालू ठेवणे पैशात बसणारे नाही, सबब गेमचे दोन भाग करून पहिल्याच्या विक्रीवर दुसरा पुरा करावा लागेल. त्याप्रमाणे ‘ब्रोकन एज’ या नावाने पूर्वार्ध जानेवारी २०१४ मध्ये आणि उत्तरार्ध एप्रिल २०१५ मध्ये आला. वैशिष्ट्य असे येथे काहीच वगळलेले नव्हते. वगळला होता तो फक्त शेवट, आणि तोही तात्पुरता.

वगळण्याचा खरा उगम ‘स्ट्रेच गोल’ या संस्थेत आहे. मूळ रक्कम जमल्यानंतर आणखी अमुक लाख जमल्यास आणखी काय मिळेल, याची जी चढती यादी मोहीम चालू असतानाच जाहीर केली जाते तिला हे नाव आहे. तिचा जन्म गरजेतून झाला. वर्गणीचा ओघ पहिल्या दोन-चार दिवसांत आणि अखेरच्या दोन-चार दिवसांत जोरात असतो, मधले आठवडे मात्र कोरडे जातात. त्या कोरड्या काळात लोकांच्या कोपराला लावण्यासाठी जो गूळ लागतो तो या यादीतून पुरवला जातो. यादी लिहिणाऱ्याला ती लिहिताना काहीच खर्च येत नाही, आणि हाच तिचा मूळ दोष आहे. जे वैशिष्ट्य एका ओळीत लिहिता येते ते एका ओळीच्या श्रमात तयार होते, असा भास निर्माता आणि वर्गणीदार या दोघांनाही एकाच वेळी होतो, आणि मोहिमेच्या उत्सवी वातावरणात त्यांना जागे करणारा तिसरा कोणी हजर नसतो.

बेल्जियममधील लारियन या स्टुडिओने २०१३ मध्ये ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’ या गेमसाठी अशीच एक ओळ लिहिली: दहा लाख डॉलर जमल्यास गेममधील जगात दिवस-रात्रीचे चक्र असेल आणि गावकरी त्याप्रमाणे आपापल्या दिनक्रमाने वागतील. किकस्टार्टरवरची आणि बाहेरून आलेली रक्कम मिळून दहा लाख जमले, आणि मग त्या ओळीचा अर्थ उलगडू लागला. गावातील लोहार रात्री झोपला पाहिजे, एवढे म्हणण्यास पाच सेकंद लागतात. पण झोपण्यासाठी त्याला घर हवे, घराला दार हवे, दाराला कुलूप हवे, कुलूप आहे म्हटल्यावर त्याची किल्ली चोरता यायला हवी, चोरी झाल्यावर लोहाराने जागे होऊन आरडाओरडा करायला हवा, तो ऐकून शिपाई यायला हवा आणि त्या शिपायाची त्या रात्री पाळी असायला हवी. शिवाय ज्या कथानकात लोहाराकडून तलवार घेतल्याविना जग वाचत नाही, त्या कथानकातील खेळाडू मध्यरात्री गावात पोहोचला तर जगाला सकाळपर्यंत तिष्ठत बसावे लागते, आणि असा प्रत्येक प्रसंग दिवसा एकदा व रात्री एकदा तपासून पाहावा लागतो. स्टुडिओने प्रकाशनाआधी हे चक्र ठरल्याप्रमाणे जमणार नसल्याचे सांगितले. गेम २०१४ मध्ये आला, उत्तम निघाला, आणि न झोपणाऱ्या लोहाराबद्दलची तक्रार हळूहळू विरून गेली. चांगल्या गेमला बरेच काही माफ असते, हा या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त नियम आहे. त्याची एकच गैरसोय अशी की गेम चांगला आहे की नाही हे वगळण्याचे पत्र लिहिताना कोणालाच माहीत नसते.

पाळलेली आश्वासनेही निरुपद्रवी असतात असे नाही. ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओने २०१२ मध्ये ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’साठी जवळजवळ ४० लाख डॉलर जमवले, आणि वर्गणीदारांची संख्या वाढेल तसे गेममधील एक भुयार मजल्या-मजल्याने खाली खोदले जाईल असे जाहीर केले. भुयार १५ मजले खोल गेले, व गेम २०१५ मध्ये आला तेव्हा ते सर्व मजले त्यात होते. मोठी वर्गणी देणाऱ्यांना स्वतः रचलेले एकेक पात्र गेममध्ये उभे करण्याचा मान होता, आणि स्टुडिओने तोही शब्द राखला. ही पात्रे सोनेरी नामफलक लावून गावोगावी उभी राहिली, त्यांच्यापाशी गेल्यावर प्रत्येकाचा पल्लेदार पूर्वेतिहास वाचावयास मिळू लागला, आणि त्यांतील एकाही इतिहासाचा मूळ कथेशी संबंध नसल्यामुळे सोनेरी नाव दिसताच पुढे निघून जावे, असा सल्ला मुरलेले खेळाडू नवख्यांना देऊ लागले. अमरत्वासाठी रोख पैसे मोजणाऱ्याच्या नशिबी अशी उपेक्षा यावी, याची तरतूद कोणत्याच स्ट्रेच गोलमध्ये नव्हती.

वगळण्याच्या शास्त्रातील अभिजात उदाहरण मात्र ‘एलीट’चे मानावे लागते, आणि त्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांचा ‘एलीट’ हा अंतराळातील व्यापाराचा आणि लढायांचा गेम १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध झाला. त्या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर येणारे सुप्रभातचे एक चित्रही जीत मावणार नाही एवढी होती. तरीही तिच्यात प्रत्येकी २५६ तारामंडळांच्या आठ आकाशगंगा बसल्या, कारण तारे साठवून न ठेवता एका बीजसंख्येपासून गणिताने हवे तेव्हा उत्पन्न करण्याची युक्ती या दोघांनी वापरली होती. हा गेम इंटरनेटविना चालत असे. त्या काळी सगळेच इंटरनेटविना चालत असल्यामुळे याची जाहिरात करावी असे कोणाला सुचले नाही.

पुढे ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘एलीट: डेंजरस’साठी १२ लाख ५० हजार पौंड मागितले, आणि जानेवारी २०१३ पर्यंत २५,६८१ वर्गणीदारांनी १५ लाख ७८ हजार पौंडांहून अधिक दिले. मोहीम चालू असताना, सर्व्हरला न जोडता एकट्याने खेळता येईल काय, या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देण्यात आले, आणि त्या होकारावर विसंबून अनेकांनी पैसे भरले. गेमचे प्रकाशन १६ डिसेंबर २०१४ रोजी ठरले होते. १४ नोव्हेंबर रोजी कंपनीच्या वृत्तपत्रिकेतून वर्गणीदारांना कळले की ही सोय रद्द झालेली आहे. कारण तांत्रिकदृष्ट्या लटके नव्हते. आकाशगंगेतील बाजारभाव, सत्तांतरे, कामगिऱ्या या सर्व गोष्टी सर्व्हरवर ठरत व हजारो खेळाडूंच्या हालचालींनी बदलत असल्यामुळे, तार काढून घेतल्यावर उरणारे विश्व निर्जीव झाले असते. एकट्याने खेळण्याची सोय कायमच होती. एवढेच की एकटे असतानाही सर्व्हरशी अखंड जोडलेले राहणे आवश्यक होते. एकांत मिळेल पण देखरेखीखाली, असा या व्यवस्थेचा आशय होता.

यावर जो क्षोभ उसळला तो सर्वस्वी इंटरनेटवरूनच व्यक्त झाला, ही गोष्ट काही उपरोधप्रिय निरीक्षकांच्या नजरेतून सुटली नसेल. परंतु क्षुब्ध मंडळींचा युक्तिवाद त्या उपरोधाने खोडला जात नाही, कारण तो आजच्या जोडणीचा नव्हता, उद्याचा होता: कंपनीने ज्या दिवशी सर्व्हर बंद केला त्या दिवशी गेम संपेल, आणि १९८४ ची तबकडी मात्र जुना संगणक सापडल्यास तेव्हाही चालेल. परताव्याची व्यवस्था तर अभ्यासकाने जपून ठेवावी अशी होती. ज्यांनी गेम आगाऊ विकत घेतला होता पण अद्याप उघडलाही नव्हता, त्यांना पैसे परत मिळण्याचा मार्ग खुला होता. ज्यांनी अल्फा व बीटा, म्हणजे अपुऱ्या गेमच्या चाचणी-आवृत्त्या, खेळून दोष शोधून दिले होते आणि अल्फाच्या त्या मानासाठी २०० पौंडही मोजले होते, त्यांना प्रथम नकार मिळाला व नंतर एकेका प्रकरणाचा स्वतंत्र विचार करण्याचे ठरले. ज्याची भक्ती थोर त्याचा दावा कमजोर, असे हे सूत्र होते. आणि तरीही, सर्वांत जास्त झोंबली ती वगळण्याची गोष्ट नसून तिची तारीख होती. सर्व्हरविना विश्व निर्जीव होईल हे सत्य प्रकाशनाच्या महिनाभर आधी एखाद्या सकाळी अचानक प्रकट झाले असेल, यावर विश्वास ठेवण्यास २५,६८१ जणांपैकी फारच थोडे तयार होते.

न सांगण्याचा मार्ग पत्करणाऱ्यांचे याहून बरे झाले, असेही नाही. इनएक्झाइल या स्टुडिओने मार्च २०१३ मध्ये ‘टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा’साठी नऊ लाख डॉलर मागितले, ते सहा तासांत मिळाले, आणि अखेरीस रक्कम ४१ लाखांच्या वर गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये गेम बाहेर पडण्याच्या सुमारास वर्गणीदारांनी जुनी यादी आणि नवा गेम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा नायकासोबत हिंडणारी काही पात्रे नाहीशी झालेली होती, वस्तू घडवण्याची यंत्रणा नव्हती, एक अख्खे शहर आक्रसून गेलेले होते आणि इटालियन भाषांतराचा तर पत्ताच नव्हता. दहा लाखांहून अधिक शब्दांचा हा गेम मुख्यतः वाचण्यासाठीच असल्यामुळे इटालियन वर्गणीदारांच्या हाती जे पडले ते चित्रांचे पुस्तक होते. स्टुडिओने माफी मागितली, आणि हे आधी सांगावयास हवे होते असे मान्य केले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की पात्रे का कापली याचे स्टुडिओकडे चांगले उत्तर होते, कमी पात्रे अधिक सकस लिहिता येतात हे. पण जे उत्तर चार महिने आधी कलाविचार म्हणून शोभले असते, तेच चोरी पकडली गेल्यावर दिले की सारवासारव ठरते.

अशा पत्रांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच तयार झालेला आहे. पत्राचा आरंभ कृतज्ञतेने होतो. त्यानंतर एका नव्या राक्षसाचे रेखाचित्र येते, मग संगीतकाराने केलेल्या प्रगतीचा वृत्तान्त येतो, आणि या सर्वांनी वाचकाचे मन पुरेसे सैलावल्यावर, टी-शर्टचे माप कळवण्याच्या विनंतीच्या जरा आधी, ती बातमी येते. तिचे व्याकरण कर्मणी असते. वैशिष्ट्य कोणी वगळत नाही. ते न ठेवण्याचा ‘निर्णय घेण्यात आलेला असतो’, जणू मंत्रालयातून परिपत्रक आले आणि स्टुडिओने ते केवळ फलकावर लावले. वगळलेल्या गोष्टीची निंदाही करता येत नाही, कारण तिच्याच नावाने पैसे घेतलेले असतात. म्हणून ती गोष्ट उत्तमच होती, परंतु गेमच्या मूळ दृष्टीशी तिचे सूर जुळेनात, असे तिच्याविषयी मोडलेल्या सोयरिकीसारखे बोलले जाते. शेवटी, या निर्णयामुळे गेम अधिक चांगला होईल असे आश्वासन दिलेले असते, आणि ते वाचून एखाद्या चौकस वर्गणीदाराला प्रश्न पडतो की एक गोष्ट काढल्याने गेम एवढा सुधारत असेल तर उरलेल्या का ठेवल्या.

पत्र वाचणाऱ्यांचे स्वभावही एकसारखे नसतात. काही जण मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक आश्वासनाचे छायाचित्र काढून तारीखवार जपून ठेवतात, आणि पत्र येताच तासाभरात दप्तर उघडून बसतात. दुसऱ्या टोकाला स्टुडिओचे कैवारी असतात. वगळलेली गोष्ट आपल्याला कधीच नको होती, आणि इतरांनाही ती नको असायला हवी होती, असे ते कोणी न विचारताच सांगतात. या दोघांच्या वादात ज्यांचा उल्लेखही होत नाही, ते ‘आपण या गेमला पैसे दिले होते’ हेच पूर्ण विसरून गेलेले वर्गणीदार होत. स्टुडिओचा खरा आधार तेच असतात. वादी-प्रतिवादींच्या उष्णतेचे कारण पाहू गेल्यास ते पैशात सापडत नाही, कारण रक्कम बहुधा एका बऱ्या जेवणाच्या बिलाएवढीच असते. कारण असे आहे की दोन-तीन वर्षांच्या प्रतीक्षेत प्रत्येक वर्गणीदाराने तो गेम मनात पूर्ण करून ठेवलेला असतो आणि त्या मनातल्या गेममध्ये लोहार वेळेवर झोपत असतो. एकाच गेमच्या अशा पंचवीस हजार निर्दोष आवृत्त्यांशी स्टुडिओच्या एकुलत्या एक सदोष आवृत्तीला स्पर्धा करावी लागते.

कायदा या भांडणात फारसा पडत नाही. किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘आपण दुकान नाही’ असे जाहीरपणे सांगून टाकले, आणि २०१४ च्या सुधारित अटींत असे घातले की प्रकल्प तडीस न गेल्यास निर्मात्याने कारणे सांगावी, हिशेब द्यावा आणि उरलेले पैसे परत करावे. उरलेले पैसे ज्याच्याजवळ आहेत असा निर्माता सहसा प्रकल्प सोडून देत नाही, ही बाब अटींच्या कक्षेबाहेरची आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये लोकवर्गणीच्या क्षेत्रात पहिली कारवाई केली ती व्हिडिओ गेमवर नसून एका पटावरच्या खेळावर. १ लाख २२ हजार डॉलरांहून अधिक वर्गणी घरभाड्यासारख्या कामी लागल्याचा ठपका होता, सुमारे १ लाख ११ हजारांच्या वसुलीचा हुकूम निघाला, आणि देणेकऱ्याची ऐपत नसल्यामुळे तो लगेच स्थगितही झाला. महाराष्ट्रातील वाचकाला येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर नोंदवण्याचा व्यवहार आठवल्याशिवाय राहणार नाही, कारण तेथेही माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव असतो आणि ताबा मिळताना त्या जागी दुचाकी उभ्या असतात. पण रेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या कायद्यातील बारावे कलम असे सांगते की जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून ज्याने आगाऊ पैसे भरले, त्याला भरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास पैसे व्याजासह परत मागता येतात. तलावासाठी महारेरा आहे. आकाशगंगेसाठी अजून तरी नाही.

तरी परिस्थिती दिसते तितकी वाईट नसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या हजारो वर्गणीदारांच्या पाहणीतून जो निष्कर्ष काढला, त्यानुसार कबूल केलेला मोबदला देण्यात ९ टक्के प्रकल्प अपयशी ठरतात. म्हणजे शंभरातील एक्याण्णव जण काही ना काही देतात, आणि या लेखाचा सगळा विषय त्या ‘काही ना काही’त सामावलेला आहे.

कधी कधी गेम सगळाच्या सगळा मिळतो आणि तरीही तोंडाला पाने पुसल्याची भावना होते. यू सुझुकी यांच्या ‘शेनम्यू ३’ला २०१५ मध्ये ६३ लाख डॉलरांहून अधिक वर्गणी मिळाली, संगणकावर खेळणाऱ्यांना गेमची प्रत स्टीम या ऑनलाइन दुकानामार्फत मिळावयाची होती. जून २०१९ मध्ये, प्रकाशनाला पाच महिने असताना, ती एपिक या प्रतिस्पर्धी दुकानातून मिळेल असे कळले. तोच गेम, तोच संगणक, दुकानात खाते उघडणेही मोफत. तरीही जो संताप झाला त्यापुढे परतावा देऊ करावा लागला. याउलट ‘गोडस’च्या बाबतीत एका वगळण्याने दुसरे वगळले गेले. गिल्डफर्डच्या ट्वेंटीटू कॅन्स या स्टुडिओचे पीटर मॉलिन्यू यांनी आधी एक मोबाइल-खेळ काढला होता, त्यात जगभरच्या लोकांनी टिचक्या मारून एका ठोकळ्याचे थर फोडावयाचे होते. मे २०१३ मध्ये ज्याच्या हातून शेवटचा तुकडा फुटला त्या तरुणाला, लोकवर्गणीतून होत असलेल्या ‘गोडस’मध्ये सर्व देवांचा देव नेमण्याचे आणि उत्पन्नात वाटा देण्याचे घोषित झाले. देवाधिदेवाची सत्ता अनेकांनी मिळून खेळण्याच्या सोयीवर अवलंबून होती, ती सोय झाली नाही, आणि परमेश्वरपदाची नेमणूक पदच निर्माण न झाल्यामुळे भिजत पडली. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने मॉलिन्यू यांची मुलाखत सुरू केली ती, तुम्ही सवयीचे खोटारडे आहात असे तुम्हाला वाटते काय, या प्रश्नाने. अपेक्षांचे व्यवस्थापन फसल्याचे याहून नेमके मोजमाप उपलब्ध नाही.

सर्व आश्वासने पाळणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून इतर स्टुडिओंनी धसका घ्यावा असे त्यांचे हाल झालेले आहेत. ‘शॉव्हल नाइट’ने २०१३ मध्ये तीन खलनायकांना स्वतंत्रपणे खेळता येण्याचे कबूल केले; गेम जून २०१४ मध्ये आला, आणि तिसऱ्या खलनायकाची कथा डिसेंबर २०१९ मध्ये, वर्गणीदारांकडून एक पैसाही न घेता. ऑस्ट्रेलियातील टीम चेरीने २०१४ मध्ये ‘हॉलो नाइट’साठी ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले आणि हॉर्नेट नावाचे एक जादा पात्र देऊ केले. ते पात्र वाढत वाढत २०१९ मध्ये ‘सिल्कसाँग’ नावाचा स्वतंत्र गेम झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन जुन्या वर्गणीदारांना फुकट मिळाले. यादीतील एक ओळ पुरी होण्यास अकरा वर्षांच्या आसपास लागली; ती वगळली असती तर दोन दिवस आरडाओरडा झाला असता.

राहिला ‘स्टार सिटिझन’. ख्रिस रॉबर्ट्स यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये आरंभलेला हा अंतराळाचा गेम २०१४ च्या नोव्हेंबरात पुरा व्हावयाचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या वर्गणीने ५० कोटी डॉलर ओलांडले, गेम पुरा झाला नाही आणि वर्गणी थांबलीही नाही. येथे व्यवस्थापनाची रीतच निराळी आहे: वगळण्याचा प्रसंग शक्यतो येऊच द्यावयाचा नाही, कारण जे आज नाही ते नंतर आहे. पाच कोटी डॉलर जमल्यावर परग्रहवासीयांच्या भाषा भाषातज्ज्ञांकडून घडवून घेण्याचे ठरले, आणि त्यांतील एक खरोखर घडली. गेमला शेवट नाही, पण व्याकरण आहे. अंतराळयाने तयार होण्याआधी केवळ कल्पनाचित्रांवरून विकली जातात, यान तयार होईपर्यंत खरेदीदाराला वापरण्यास दुसरे यान उसने दिले जाते, आणि काही विक्रींत तर, जे यान अद्याप काढून झालेले नाही ते नष्ट झाल्यास भरून मिळावे म्हणून, आजीवन विमाही सोबत असतो. २०१८ मध्ये शंभराहून अधिक यानांचा एक संच २७,००० डॉलरना विक्रीस निघाला. त्यांतील कित्येक याने तोवर उडण्याजोगी झालेली नव्हती. संचाचे पान मात्र ज्याने आधीच हजार डॉलर खर्च केले आहेत त्यालाच उघडून पाहता येत असे.